मोडलेल्या सीडीतली पाण्याची पाळी

मी एक जुनी सीडी आहे. खरं तर आता माझे दोन तुकडे आहेत. अकोटजवळच्या एका पेरूच्या बागेत ते दोरीला लटकतात. मी उन्हात चमकले की पोपट घाबरून उडतात.

मित्रांनो, माझा जन्म अकोल्याच्या जठारपेठेत, एका फोटो स्टुडिओत झाला. या बागेचे जुने मालक पंजाबराव यांनी दोन मुलांत शेत वाटलं, पण विहीर एकच होती. तिच्या पाण्याच्या पाळ्या त्यांनी पंचांसमोर, कॅमेऱ्यापुढे सांगितल्या. ते बोलणं माझ्या अंगावर कोरलं गेलं. तेव्हा माझा थाट होता. पाहुणे आले की मला लावत. पुढे पंजाबराव गेले, सीडी प्लेअर बिघडला आणि मी कोठीत धूळ खात पडले.

यंदा विहीर तळाला गेली. थोरल्या किशोरने मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं. धाकट्या नितेशची झाडं वाळू लागली, तेव्हा त्याने ते कुलूप दगडाने फोडलं. किशोर फावडं घेऊन धावला.

"बाबानं पाणी मले देल्लं हाय! हात लावून पाह, मुडदा पाडतो!"

फावडं नितेशच्या कपाळावर बसलं. पाटात पाण्याआधी रक्त उतरलं. नऊ टाके पडले. घरी येताच नितेश कोयत्याला धार लावत बसला.

त्याची मुलगी वर्षाली अकोल्यात शिकते. तिने मला धुळीतून काढलं, मऊ फडक्याने पुसलं आणि कॉलेजच्या लिनक्स संगणकात घातलं. ओरखड्यांमुळे मी दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा माझी जशीच्या तशी नक्कल, म्हणजे आयएसओ फाइल, तयार झाली.

पंच बसले. वर्षालीने मला वर धरताच किशोरने हिसकावून गुडघ्यावर कडकन मोडलं. तुकडा त्याच्याच तळव्यात घुसला.

"आता दाखव तुयी सीडी!"

नितेशचा हात कोयत्याकडे गेला.

"बाबा, बसा खाली," वर्षाली म्हणाली. "मोठेबाबा, तुमीबी पाहा."

तिच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. तिने ती फाइल माउंट केली. संगणकाने खोटा ड्राइव्ह उभा केला आणि मी जणू अखंडच त्यात बसले. अशी जोडलेली सीडी फक्त वाचता येते. तिच्यातला शब्द बदलता येत नाही.

पंजाबराव बोलू लागले, "एक दिवस किशोर, एक दिवस नितेश. पाणी आटलं तं पयली पाळी लायन्याची, नितेशची. कबूल हाय ना रे किशोर?"

पडद्यावर त्यांच्यामागे उभा असलेला तरणा किशोर हसून म्हणाला, "हो बाबा. मायाच भाऊ हाय तो."

तळव्यातून रक्त गळत होतं, तरी किशोर जागचा हलला नाही. वर्षालीने बंद करायला हात नेला.

"राहू दे," तो म्हणाला. "आणखी एकदा बोलू दे बाबाले."

नितेशने कोयता पायाने दूर सारला.

दुसऱ्या दिवशी किशोरने स्वतः माझे तुकडे नितेशच्या बागेत बांधले. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी धूळ खात असेल. ती मोडण्याआधी तिची नक्कल करून ठेवा. आमच्या घरी नऊ टाके आधी पडले.