कुरातानींच्या चाळीस वाट्या

मियोको हिराइवाने दहा वर्षं नागोयात कंपन्यांना माल कसा खपवायचा याचे सल्ले दिले. मग ते सोडून ती किसो खोऱ्यातली लाकडी भांडी विकू लागली, झाडाच्या चिकाचं काळंलाल रोगण चढवलेली. तिच्या कारागिरांत तोकिजो कुरातानी सर्वांत वयस्क. एक्क्याऐंशीचे आणि घरात एकटे. टोकियोच्या एका हॉटेलाला त्यांच्या चाळीस वाट्या पानगळीआधी द्यायचा शब्द तिने परस्पर दिला होता. त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. तिने तो होकार धरला.

गुरुवारपासून त्यांचा फोन उचलला जाईना. शनिवारी सकाळी ती गाडी काढून निघाली. एकेक बोगदा मागे पडत होता. सोमवारीच ती म्हणाली होती, जरा हात चालवा आजोबा. हसत म्हणाली होती, पण म्हणाली होती.

घराचं दार नुसतं लोटलेलं. शेगडीवरच्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारावर बुरशी आलेली. तिने हाका मारत सगळ्या खोल्या पाहिल्या. राहिलं मागचं कोठार. तिथेच ते काम करत.

कोठाराच्या जाड दारावर हात ठेवून ती उभी राहिली. उघडवेना. शेजाऱ्यांना बोलवावं, आधी त्यांनीच बघावं, असंही मनात येऊन गेलं. आपण हॉटेलाला दिलेल्या शब्दापायी म्हातारा गेला, हे एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात आत काहीतरी फरशीवर खरवडल्यासारखं वाजलं.

तिने दार ओढलं. कुरातानी माळ्याच्या शिडीखाली पडले होते, एक पाय भलतीकडे वळलेला, ओठ फुटलेले. हाताशी बादली होती. रोगण वाळायला दमटपणा लागतो म्हणून वाट्या वाळवायच्या कपाटाच्या फळ्या ओल्या करायचं पाणी त्यात होतं. दोन दिवस तेच पिऊन ते तगले होते.

"दार लाव पोरी," ते कसेबसे पुटपुटले. "वाट्या ओल्या आहेत. धूळ बसेल."

मांडीचं हाड मोडलं होतं. अजून एक रात्र निघाली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मियोकोने हॉटेलाला कळवून टाकलं. वाट्या मिळणार नाहीत, एवढंच.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात भेटायला गेली. माफी मागायची म्हणून तिने वाक्यं जुळवून नेली होती. पण आधी कुरातानींनीच विचारलं, "दाराशी इतका वेळ का थांबली होतीस?"

"तुम्हाला कळलं?"

"पावलं ऐकली. घशातून आवाज निघत नव्हता, म्हणून बादली खरवडली."

"भीती वाटली, आजोबा. आत काय दिसेल याची."

त्यांनी उशीवरून मान तिच्याकडे वळवली.

"मलाही वाटली," ते म्हणाले. "वाटलं, ही आता परत जाते."