भोजराजभाऊंचा गॅस

नागसेन झोपेत गेला आणि त्याच्या मरणाचं कौतुक करायला अख्खा वॉर्ड लोटला.

"काय मरण आलं! ना दुखणं, ना खुपणं," पदर डोळ्याला लावत एक म्हणाली. दुसरीनं री ओढली, "पुण्यवान होता. झोपला तो झोपलाच."

नागसेनची बायको रीना भिंतीला टेकून ऐकत होती. पंचेचाळिशीतला धडधाकट माणूस उठून गेला, त्यात पुण्य कुठून आलं हे तिला कळेना. सकाळी चहा घेऊन ती त्याला उठवायला गेली होती. हात थंडगार लागला होता, पण डोक्याखालची उशी घामानं अजून ओली होती. मुठीत चादर घट्ट आवळलेली होती. सुखानं गेला म्हणणाऱ्या या बायांपैकी एकीनंही ती मूठ पाहिली नव्हती.

सगळ्यांत मोठ्यानं पुण्य वाटत होते ते तिचे भासरे, भोजराज. बैहरला कुठल्याशा हपिसात बाबूगिरी करून ते निवृत्त झाले, बायको आधीच वारली होती, तेव्हा करायला काही नव्हतं. म्हणून वैद्यकी सुरू केली. वॉर्डात कुणाचंही काही दुखलं की यांचं निदान तयार. डोकं दुखलं, गॅस. पाय सुजले, गॅस. हिंग-ओव्याचं चूर्ण ते घरीच कुटायचे आणि त्याची पुडी अशा थाटात हातावर ठेवायचे की घेणाऱ्याला वाटावं, आता आपण मरतच नाही.

नागसेन त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. लालबर्रा रोडवर त्याचं दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या मोटारींत तो नवी तार भरून द्यायचा. दिवाळीनंतर तो पहाटेचा दचकून उठू लागला. अंग घामानं भिजलेलं, श्वास अडकलेला, डावा जबडा ठणकतोय. झोपेत घोरता घोरता एकदम गप्प व्हायचा, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास ओढायचा. रीनानं हट्टानं त्याला गोंदियाला हृदयाच्या डॉक्टरकडं जायला तयार केलं. दोघं कपडे करून अंगणात आले, तर भोजराज बाजेवर बसलेले.

"कुठं चालला बे?"

"गोंदियाले. घाम येते, जबडा ठणकते. छातीचं दाखवून येतो म्हटलं."

"अरे, गॅस हाय तो! डॉक्टर लोक मशीन लावते अन् डरवते. घे हे, गरम पाण्यासंग." मग रीनाकडं न बघता म्हणाले, "बायकाइचं आयकून हिंडत जाऊ नको."

नागसेन हसला. मोठ्या भावापुढं त्याला दुसरं काही येतच नव्हतं. तो आत गेला, बूट काढले आणि चूर्ण घेतलं. आठवड्याभरात मेला. मेलेल्या नवऱ्यावर चिडू नये म्हणतात; रीना त्या हसण्यावर अजून चिडायची.

पुण्यानुमोदनाला विहारात वंदना झाली आणि भोजराज बोलायला उभे राहिले. "माझा भाऊ झोपेत गेला. कोणालेच तरास देल्ला नाई. असं मरण लाखात एकाले भेटते!" लोकांनी माना डोलवल्या. परत येताना सासू शांताबाई शेजारणीला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशी, "बाजूले नवरा मेला अन् इले जाग नाई आली. कशी झोप म्हणावं, माय!"

भोजराजनी ते ऐकलं. एक लांब उसासा सोडला, पण आईला "गप" म्हणाले नाहीत. त्यांच्याबद्दल रीनाच्या मनात जी काही भीड उरली होती, ती त्या दिवशी संपली.

पुढच्या थंडीत एकदा दिवस उजाडताना ती नळावर पाणी भरत होती. अंगणाच्या पलीकडच्या घरातून भोजराज बाहेर आले आणि बाजेवर बसले. शाल अंगावरून घसरलेली, कपाळावर घामाचे थेंब, आणि एक हात जबड्यावर.

"काय झालं, भाऊजी?"

"काई नाई. झोपेतून जाग आली एकदम. दाढ दुखते. गॅस हाय."

शांताबाई आतून चूर्णाची पुडी आणि गरम पाणी घेऊन आली. "घे अन् झोप जरा."

रीनाच्या हातातली बादली भरून वाहत होती. मनात आलं, झोपू दे. त्यानंच तर विहारात उभं राहून या मरणाचं गुणगान केलं, मग मिळू दे की त्यालाही. ती जवळ गेली आणि हळू म्हणाली, "झोपा, भाऊजी. झोपेतलं मरण लाखात एकाले भेटते. तुमच्या घरात तं दोघाइले भेटून राह्यलं."

भोजराजनी वर पाहिलं. त्या डोळ्यांत बाबूही नव्हता, वैद्यही नव्हता. नुसता घाबरलेला म्हातारा होता. "रीना," ते म्हणाले, "मले मरायचं नाई."

तिला किळस आली. जगण्याची एवढी हाव, आणि भावाला मात्र पुडी! पण असल्या माणसाच्या मरणाचं ओझं जन्मभर वागवायचं, एवढी त्याची लायकी नाही, असंही तिला वाटलं. तिनं सासूच्या हातातली पुडी घेऊन नाल्यात फेकली आणि शेजारच्या विवेकला हाक मारली, "ऑटो निकाल जल्दी!"

जिल्हा रुग्णालयात ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टरनं ती बघताच इंजेक्शन दिलं आणि गोंदियाला पाठवलं. वाटेत भोजराजनी तिचा हात धरला होता. तिनं सोडवून घेतला नाही, पण त्यांच्याकडं पाहिलंही नाही. नस उघडली, स्टेंट बसवला, आणि चार-पाच दिवसांनी भोजराज घरी आले.

आता त्यांना बघायला वॉर्ड लोटला. "मले समजलंच," भोजराज उशांना टेकून सांगत, "मी लगेच म्हटलं, हा गॅस नाई. चला दवाखान्यात! झोपेतला अटॅक वळखता आला पायजे." शांताबाई कौतुकानं मान हलवायची. रीना चहा देऊन निघून जायची.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. चहा ठेवून ती वळली, तेव्हा भोजराज खाली बघत म्हणाले, "त्यालेही असाच घाम ये का?"

"हौ."

"जबडा?"

"तोही. तुम्हाले सांगतलं होतं त्यानं."

त्यांनी कप उचलला आणि न पिताच परत ठेवला. रीना उभी राहिली. तिला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. विहार कमिटीचे पुनाराम आले होते.

"जय भीम, भोजराजभाऊ! आयकलं, वेळेवर वळखलं म्हणे तुम्ही?"

भोजराजचा चेहरा उजळला. ते उशीवरून सावरून बसले. "मले समजलंच ना, पुनाराम! मी लगेच म्हटलं..."

रीनानं त्यांच्या पुढ्यातला कप उचलला. दोन घोटसुद्धा घेतले नव्हते त्यांनी. पुनारामदेखत तिनं तो चहा मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला, आणि नागसेनच्या बंद दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडली.