खिडकीतून शिकलेला टाका

उमाला सातवा महिना लागला होता आणि तिची नणंद रजनी मागच्या खोलीत क्षयानं पडून होती. औरंगाबादच्या सासरच्यांनी तिला मस्तगडातल्या माहेरी आणून सोडलं, ते परत कुणी विचारायलाही आलं नाही. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आत फक्त तिची आई तुळजाबाई जायची आणि बाहेर आली की डोक्यावरून पाणी घ्यायची. पोटुशा सुनेनं त्या खोलीच्या खिडकीपासून दोन हात लांबच बसावं, अशी तिची सक्त ताकीद होती.

एक दिवस उमा मागच्या ओसरीवर कुंची शिवत बसली होती. रजनीनं खिडकीतून हाक मारली.

"वहिनी, नुस्ती पांढरी कुंची घालणार का बाळाला? काठाला साखळी टाका घाला. मी सांगते."

"मला न्हाई येत, वन्सं."

"मला तरी कुठं येत होता? सासरी शेजारच्या बाईनं शिकवला. लाल दोरा घ्या. सुई खालून वर काढा. आता दोऱ्याचा फास करून अंगठ्यानं दाबा. त्याच भोकात सुई घाला अन् जवभर पुढं, फासाच्या आतून वर काढा. वढू नका, कापड गोळा होतं."

पहिल्या कड्या वेड्यावाकड्या आल्या. रजनी गजाला कपाळ टेकून बघायची आणि उमाच्या सुईबरोबर तिचीही बोटं हलायची. कापड हातात मागायचं तिनं एकदाही नाव काढलं नाही. पंधरा दिवसांत कड्या एकसारख्या पडू लागल्या. दुपारची कामं उरकून खिडकीसमोर बसायची उमाला ओढच लागली. त्या घरात तिच्याशी इतकं कुणी बोलतच नव्हतं.

मग रजनीचा आवाज बसला. वैद्य म्हणाले, दुखणं घशात उतरलंय. त्याच सुमारास उमाचा काठ पुरा झाला. तिनं दोरा कापला आणि बघता बघता शेवटची कडी सुटली, तिच्यामागं दुसरी, तिसरी. घाबरून तिनं बोटानं दाबून धरलं आणि खिडकीकडं पाहिलं. रजनीनं हवेत बोटानं काहीतरी दाखवलं. उमाला कळेना. तिनं पुन्हा दाखवलं, बोलायला गेली आणि खोकल्यानं वाकली.

तुळजाबाई तांदूळ निवडत होती. ती उठली, उमाच्या हातातली कुंची घेतली, सुई-दोरा घेतला आणि आत जाऊन लेकीच्या मांडीवर ठेवला. रजनीनं आईकडं पाहिलं. सुटलेल्या कड्या तिनं पुन्हा घातल्या, शेवटच्या फासावरून बारीक टाका घालून सुई खाली नेली आणि मागं गाठ मारली. सगळं उमाला दिसेल असं, गजाजवळ धरून. एवढ्यानंही तिला धाप लागली. तुळजाबाई तिची पाठ चोळत तिथंच बसून राहिली. त्या दिवशी तिनं पदर नाकाला लावला नाही.

नवव्या दिवशी रजनी गेली.

अंथरूण, पांघरूण, लुगडी, सगळं परसात जाळलं. कुंची तुळजाबाईनं शेवटपर्यंत हातात धरली होती. मग उमाच्या पोटाकडं एकदा पाहिलं आणि तीही जाळावर ठेवली.

आषाढात उमाला मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर तिनं नवी कुंची बेतली आणि लाल दोरा ओवला. तुळजाबाई नातीला मांडीवर घेऊन जवळच बसली होती. बराच वेळ ती सुनेच्या हाताकडं बघत राहिली.

"बराबर येतंय का, आत्याबाई?" उमानं विचारलं.

"मला काय ठाऊक?" तुळजाबाई म्हणाली. "आठ महिने घरात होती माझी लेक. तो एक दिवस सोडला तर मी तिच्यापाशी निवांत बसले न्हाई. आत गेले की कधी बाहेर येते असं व्हायचं मला."

उमानं सुई खाली ठेवली. मांडीवरची पोर झोपली होती तरी तुळजाबाई तिला थोपटतच राहिली.