अल्झिगान कोणाला म्हणावे

वयापरत्वे बुद्धी ढळलेल्या माणसाला आम्ही कझाख 'अल्झिगान' म्हणतो. या शब्दाची एक शिस्त आहे. चष्मा विसरणाऱ्याला तो लागत नाही. वयाला न शोभणारे वागणाऱ्याला लागतो. तो दुसऱ्याच्या आईबद्दल वापरावा, आणि तोही तिच्या पाठीमागे. माझ्याबद्दल तो उच्चारण्याची माझ्या घरात कोणाची छाती नव्हती.

माझी नात तोग्झान गुरांची डॉक्टर होण्यासाठी शिकते. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या झाकिपने, तिला न विचारता एका घोडेवाल्याच्या घरी लग्नाचा शब्द दिला. वराकडचे पाहुणे बैठकीत बसले, तेव्हा ती स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली.

"आजी, मला नाही करायचं हे लग्न. बाबा ऐकूनच घेत नाहीत."

दिलेला शब्द मागे घेतला, तर सोयरिकीच्या जागी वैर उभे राहते. मी कढईकडे पाहिले. मटणाचे कोणते हाड कोणाच्या ताटात जायचे, हे सासू गेल्यापासून मीच ठरवत आले आहे. मेंढीच्या पुढच्या पायाचे हाड आम्ही लग्नाच्या मुलीला कधी वाढत नाही. ते खाणारी बापाच्याच घरी म्हातारी होते, असे मानतात.

मी नेमके तेच हाड उचलले, तोग्झानला घेऊन बैठकीत गेले आणि सर्वांदेखत ते तिच्या पुढ्यात ठेवले.

वराच्या आजीची चहाची वाटी ओठांपाशीच थबकली. झाकिप उसने हसत म्हणाला, "आई, ते हाड तिचं नाही."

"मग तुझं का? तुझं लग्न कधीच झालंय रे. बायको कुठे टाकलीस?"

त्याची बायको कुलाश त्याला खेटूनच बसली होती. झाकिपने मान खाली घातली. "माफ करा हं. आई आता अल्झिगान झालीय."

माझा हात काठीकडे गेला होता. तो मी आवरला आणि तान्ह्या पोरासारखी हसले.

पाहुणे रागावले नाहीत; चळलेल्या म्हातारीवर रागावणार कोण? मात्र एवढा अपशकुन घरात न्यायला वराची आजी धजेना. तिने उंबऱ्यात कुलाशला हळूच सांगितले, "जपा बाई. हे रक्तातून उतरतं म्हणतात."

तोग्झान शहरात परतली. ताटे आता कुलाश लावते. मला बिनहाडाचे, बारीक चिरलेले मटण मिळते, दात नसलेल्यांना देतात तसे. मीठ कमी असते. ते मी एकदा बोलूनही दाखवले. तेव्हा सर्वांनी माझ्याकडे फार मायेने पाहिले.