सुपातलं लेकरू

मी सूप बोलतोय. माझं काम पाखडायचं, वाजायचं नव्हे. पण एकदा वाजलो, आणि तेच सांगायचं आहे.

मेळघाटच्या वेळूचा मी. अकोल्याच्या एका बुरडिणीने मला विणलं आणि गोदाबाईच्या आईने लेकीच्या रुखवतात मांडलं. त्या घरच्या दोन चाली होत्या. नाळ कापली की लेकरू आधी सुपात निजवायचं, मग आईच्या कुशीत द्यायचं. आणि लेकरू आपल्या पायांनी अंगण ओलांडेपर्यंत बाळंतिणीला सासरी धाडायचं नाही. लोक हसत. हसोत बापडे!

पहिली माणिक माहेरीच झाली; गोदाबाईबरोबर मीही तिकडे आलो होतो. अधोलीभर ज्वारी ओतावी तसा मी लवलो. आणि काय रडली पोरगी! जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणे. ही म्हण करणाऱ्याने बाळंतिणीची खोली पाहिलेली नसावी.

चाल मोडली ती कापसाने. समुद्रापार कुठे लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली, वेचायला बाया मिळेनात. माणिक चार महिन्यांची, तोच गोदाबाईचा नवरा सूर्यभान गाडी जुंपून अकोल्याला हजर.

"वावर फुटून राह्यलं, मामी. घरची बाई इथं बसून कसं चालंल?"

सूर्यभान वाईट नव्हता. माणिकसाठी त्याने खुळखुळा आणला होता. पण कापसापुढे त्याला काही दिसेना, एवढं खरं. गोदाबाई, माणिक आणि मी त्याच गाडीतून सासरी आलो.

माणिक धड चालायला लागली नव्हती, तोच दुसरं लेकरू माझ्यात आलं, मुलगा, दिवस भरण्याआधीच. मी लवलोच नाही. गावच्या सुईण पार्वताबाईंनी मला उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. वजन आम्हा दोघांनाच कळतं. महिनाभर जगला तो. पोटात तो होता म्हणून माणिकचं दूध आधीच तुटलं होतं, तीही काटकुळी झाली.

पार्वताबाई बोलल्याच. "सूर्यभान, वावर पड ठेवतं नं तू? मंग बाईले काहून नाई? दोन-तीन वर्सं अंग भरू दे तिचं."

"यंदा वावरबी पड नाई ठेवलं, मावशी," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते.

वर्ष उलटायच्या आत तिसरं बाळंतपण आलं. गोदाबाईची नखं पांढरी, पाय सुजलेले. मुलगी झाली. पार्वताबाईंनी तिला माझ्यात ठेवलं, तर मला मी रिकामाच वाटलो. ती रडेना. पाठ चोळली, पाणी शिंपडलं. कानाशी ताट वाजवावं तर ताट हाताशी नाही. मग लेकरू आईजवळ ठेवून पार्वताबाईंनी मलाच उलटं धरलं आणि लाकडाने बडवायला लागल्या.

"रड वं माय, रड!" गोदाबाई ओरडत होती.

माझी कड तुटली. काही संपलं की लोक म्हणतात, सूप वाजलं. मी तर सुरू व्हावं म्हणून वाजत होतो हो! ती रडली नाही.

सूर्यभान दारात बसून हमसून हमसून रडला. पार्वताबाई म्हणाल्या, "आतातरी माहेरी धाड तिले."

"एवढी वेचणी होऊ द्या, मावशी. मंग धाडतो."

तेराव्या दिवशी गोदाबाईने कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली आणि भिंतीला धरत धरत वावरात गेली.

काल सूर्यभानने मला खुंटीवरून काढलं. हातात वेळूची ओली काडी होती. तुटकी कड बांधायला बसला.

"राहू द्या नं ते," गोदाबाई म्हणाली.

"काहून? लागंल नं पुन्हा," तो सहज म्हणाला.

तिने पोटावर पदर ओढून घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली.

जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. सूर्यभान, ती काडी खाली ठेव. दोन-तीन वर्षं मला धूळ खाऊ दे, कोळ्यांना जाळी विणू दे. हात जोडतो बाबा, मला तुटकाच राहू दे.