चारी तारा एकदम सोडल्या तेव्हा

“बाप रे, एवढं मोठं व्हायोलिन!” मला पहिल्यांदा पाहणारी दहातली नऊ माणसं हेच म्हणतात. मित्रांनो, व्हायोलिन माझं धाकटं भावंड. मी डबल बास. उंचीनं तुमच्या वडिलांपेक्षा मोठा, आवाजानं खोल आणि वयानं साठी ओलांडलेला. थोडा तुसडा आहे, पण मनाचा वाईट नाही.

परदेशातून बोटीनं मुंबईला आलो आणि दादरच्या एका स्टुडिओत उभा राहिलो. तिथं सिनेमाची गाणी रेकॉर्ड व्हायची. गायिकेची वाहवा होई, बासरीवाल्याची होई. माझं नाव कुणी घेत नसे. पण मी थांबलो की गाणं पोकळ वाटे, हे सगळ्यांना कळे. पुढे माझा आवाज यंत्रावर काढता येऊ लागला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. लोक माझ्या मानेला छत्र्या टांगत. अपमान गिळून मी बरीच वर्षं काढली.

तिथून मला ऋतानं आणलं. ती परळच्या एका ऑफिसात काम करते आणि आई ललिताबाईंबरोबर फणसवाडीत राहते. आधी गिटार वाजवायची. मला तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार शेजारी लागले आणि “कपाट घेतलंस काय गं?” असं चौघांनीही विचारून घेतलं.

बास वाजवणारा माणूस तसा एकटाच. व्हायोलिनवाले वीस, तर बासवाला एखाददुसरा. अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून ऋतानं ‘खर्जातल्या गप्पा’ नावाचा ब्लॉग सुरू केला. गजाला लावायची राळ दमट हवेत चिकट होते, तिचं काय करावं? टॅक्सीत बास कसा बसवावा? हळूहळू पणजी, कोल्हापूर, नागपूर अशा गावांतले एकेकटे बासवाले तिथं जमले आणि गप्पा रंगू लागल्या.

त्यांत लालबागचे जयवंतकाका होते. बँडमध्ये उभा जन्म बास वाजवलेला, आता घरी बसलेले. ऋतानं काही लिहिलं की खाली त्यांची दुरुस्ती आलीच. ऋताला ती खुपायची. मला मात्र आवडायची.

एकदा ऋतानं ‘नव्या तारा कशा चढवाव्यात’ यावर लिहिलं. चारी तारा सोडा, लाकूड स्वच्छ पुसा, मग नव्या चढवा. ही गिटारची सवय! काकांनी लगेच खाली लिहिलं, ‘चारी एकदम सोडू नयेत. एकेक बदलावी.’ ऋता वैतागली. “झालं यांचं सुरू!” असं म्हणून तिनं ते काढून टाकलं.

मित्रांनो, माझ्या पोटात एक लहान लाकडी दांडी उभी असते. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानंच उभी राहते. रविवारी सकाळी ऋतानं तारा सोडायला घेतल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तारा ढिल्या झाल्यावर मी कसला ओरडतोय! चौथी तार सुटली, तारांना टेकू देणारी घोडी आडवी झाली आणि आत टक् करून दांडी पडली. ऋतानं माझ्या पुढच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. ऑर्केस्ट्राबरोबरचा तिचा पहिला कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता.

“गुपचूप दुरुस्त करून घे,” ललिताबाई म्हणाल्या. “कुणाला कळतंय?”

“अगं आई, तो लेख लोकांनी वाचलाय. एकानं जरी तसं केलं तर?”

तिनं डोळे पुसले आणि लगेच लिहायला बसली. पहिलंच वाक्य, ‘मी चुकीचं सांगितलं.’ काकांची सूचना आपणच काढली, हेही लिहिलं. मला तिचा राग आला होता. तो तिथंच विरघळला.

दुपारी ते वाचून, पत्ता विचारत जयवंतकाका दारात हजर. हातात एक वाकडी लोखंडी सळई.

“तारा परत ओढल्या नाहीस ना? बरा केलंस. दांडी नसताना ओढल्यास तर पोट खचता ह्याचा.”

त्यांनी मला गादीवर आडवं केलं, फटीतून सळई घातली आणि तासभर खटपट करून दांडी जागेवर उभी केली. मग एकेक तार हळूहळू ताणली. ऋता मान खाली घालून म्हणाली, “काका, मी तुमचं लिहिलेलं काढून टाकलं, तरी तुम्ही आलात?”

“चूक तुझी गो. ह्या बासाचा काय गुन्हा?”

मी आयुष्यात दुसऱ्यांची वाहवा पुष्कळ ऐकली, पण माझी बाजू घेणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. ऋतानं गज फिरवला आणि माझा आवाज खोलीभर घुमला. मला रडूच आलं असतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कोल्हापूरच्या विनीतचा निरोप होता. ऋतानं मोठ्यानं वाचला, “ताई, तुमचा पहिला लेख समोर ठेवून तीन तारा सोडल्या होत्या. चौथीला हात घातला आणि तुमचं नवं लिहिलेलं दिसलं. थांबलो.”

काकांनी ऋताच्या डोक्यावर हात ठेवला.

तो कोल्हापूरचा बास मी पाहिलेला नाही, कधी पाहणारही नाही. मित्रांनो, वाद्य पुसा, जपा, त्याच्या मानेला छत्री टांगू नका. पण चुकीचं सांगून बसलात, तर ते कबूल करायला उद्याची वाट पाहू नका. तुमच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी चौथ्या तारेला हात घातलेला असतो.