काट्याची फरशी

कल्याण मिस्त्रीनं पहिली टाईल तिरपी ठेवली, दुसरी तिच्या टोकाला काटकोनात भिडवली, तिसरी पुन्हा पहिलीसारखी. बैठकीच्या मधोमध, जुन्या शहाबादी फरशीवरच नुसती मांडून बघायला, लाकडी रंगाच्या अरुंद टाईल्सची एक वेणी सरकत सरकत देवघराकडं निघाली. मोनाली गंधूला कडेवर घेऊन दारात उभी होती. सव्वादोन वर्षांची पोर खाली उतरायला पाय झाडत होती आणि मोनाली सोडत नव्हती. सोडलं असतं तरी चाललं असतं, खाली लागण्यासारखं काही नव्हतं. पण गेले अठरा दिवस तिचा हात आपोआपच आवळला जात होता.

गंधूच्या हनुवटीखालचे टाके निघाले होते. एक लाल रेघ उरली होती. मोनालीनं सकाळपासून ती चार वेळा उजेडात नेऊन पाहिली होती.

"हेच ना वहिनी, दुकानात पसंत केलेलं?" कल्याणनं विचारलं.

"हो. हेरिंगबोन."

"आम्ही काटा डिझाईन म्हणतो. बराबर बसलं तर लई भारी. जरा हुकलं, की सगळं घरच वाकडं दिसतं मंग."

देवघराजवळ दैवशालाबाई, तिच्या सासूबाई, सुपात लसूण घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"कसला काटा?"

"माशाचा, काकू. मधी कणा, आन् दोन्ही अंगानं काटे."

सासूबाईंची बोटं थांबली. ह्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. भारतला, मोनालीच्या नवऱ्याला, कधी खायचं झालं तर तो कंपनीतून येताना बाहेरच खाऊन, बडीशेप चघळत घरी येई. "देवापुढं माशाचा काटा अंथरून राह्यले का तुम्ही?" त्या म्हणाल्या.

मोनालीनं खाली पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून तिनं गंधूच्या केसात नाक खुपसलं. म्हणू देत त्यांना, नको म्हणून. आई नको म्हणाल्या की विषय संपला.

खुर्चीतून रामराव, तिचे सासरे, शांतपणे म्हणाले, "काटा कशाला? गव्हाची ओंबी म्हण. ओंबी अशीच असती."

सासूबाईंनी मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. ओंबी म्हणलं तर ओंबी दिसती खरी, असं पुटपुटून त्या लसणाकडं वळल्या.

रामरावांना घरातले, गल्लीतले सगळे नाना म्हणत. अंबडच्या बसस्थानकावर नोकरीतली शेवटची अकरा वर्षं त्यांनी गाड्या लागल्याची घोषणा करण्यात घालवली होती, आणि अजूनही ते बोलले की ती गाडी सुटलेली असे. गेल्या दोन आठवड्यांत मोनालीनं जी जी अडचण पुढं केली ती त्यांनी अशीच एका वाक्यात बाजूला सारली होती. टाके पडल्यावर लगेचच्या रविवारी जालन्याच्या दुकानात तिनं मुद्दाम हा नमुना निवडला होता. दुकानदारानं आधीच सांगितलं होतं की ह्यात तुकडे फार वाया जातात, माल पंधरा दिवसांनी येईल, आणि तो बसवणारा मिस्त्री सहजी मिळत नाही. तिला तेच हवं होतं. चौरस पांढरी टाईल घेतली असती तर सोमवारीच फरशी फुटली असती. भारतनं दुकानातून घरी फोन लावला, तेव्हा नाना म्हणाले होते, पंधरा दिवसांनी येऊ दे, आपल्याला कुठं गाडी गाठायची? आणि मिस्त्रीही त्यांनीच शोधला. वाटूरचा, त्यांच्या भावकीतला, पुण्यात सात वर्षं काम करून आलेला.

फरशी काढायचं नानांनीच काढलं होतं. टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना. "पोरगी फरशीला अडखळती म्हणल्यावर फरशी ठेवून काय करायची? काढू. मोनाली पसंत करंल ती टाकू."

हीच फरशी त्यांनी घर बांधलं तेव्हा मिस्त्रीच्या हाताखाली राहून स्वतः बसवली होती. ड्युटीवरून आले की ते रोज तासभर एकेका फरशीची कड पाण्यात घासत, दुसरीला लावून बघत, परत घासत. पाहुणे आले की सासूबाई हे नाक मुरडून सांगायच्या, की बाळंतपणाला माहेरी गेले तर ह्यांनी पत्र धाडलं नाही, फरशीच घासत बसले. नाना तेव्हा हसायचे आणि पाय पुढं करून तळवा फरशीवरून फिरवायचे.

मोनाली कुठंही बसली तरी हे तिच्या डोक्यात फिरत राही. भाकरी थापताना, गंधूला झोपवताना, मोबाईलमध्ये लोकांच्या घरांचे फोटो सरकवताना.

कारण गंधू फरशीला अडखळली नव्हती.

सासूबाई त्या दिवशी वाटूरला बारशाला गेल्या होत्या. मोनालीनं गंधूला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं, मुरमुऱ्याची वाटी मांडीत दिली. फोन आला. मैत्रीण होती, कॉलेजातली, वर्षभरानं आठवण काढलेली. आत आवाज तुटत होता म्हणून ती बोलत बोलत गच्चीच्या जिन्यात गेली. धप्प आवाज आला तेव्हा ती हसत होती. ओट्यावर बसवत नको जाऊस, असं सासूबाईंनी तिला तीनदा बजावलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी कशी पडली विचारलं. तोपर्यंत भारत कंपनीतून आणि सासूबाई वाटूरहून तिथं पोचले होते. सगळे तिच्याकडं बघत होते. "पळत होती, फरशीच्या कडेला पाय लागला," ती म्हणाली. वाक्य इतकं सहज आलं की तिलाच खरं वाटलं.

घरी आल्यावर ती आधी स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली एकही मुरमुरा नव्हता. झाडून घेतलेलं होतं. कुणी, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर तिनं बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या प्रत्येक सांध्यावरून तळहात फिरवला होता. कुठं तरी एक उंचवटा सापडावा, नखाएवढा का होईना. सापडला नाही.

कल्याणनं आता वेणी तिथंच सोडली आणि ॲल्युमिनियमची लांब पट्टी जुन्या फरशीवर आडवी टाकली. तिच्यावर बुडबुड्याची पाणसळ ठेवून तो गुडघ्यावर वाकला. पट्टी फिरवली, पुन्हा वाकला. मग भिंतीच्या कडेनं बघितलं, आणि शेवटी टाचेवर बसून कपाळ खाजवलं.

"नाना, ही कुणी बसवली म्हणलं?"

"होता एक तुझ्यासारखाच. आन् मी."

"बुडबुडा हालून न्हाई राह्यला. आजकाल मशिननं कापलेल्या मालात मी एवढी लेव्हल पाह्यली न्हाई." तो आदरानं हात टेकून बसला. "ही तोडायची कशापायी? हिच्यावरच चिटकवू की. आठ दिवसांची धूळ वाचंल. उंचवटा असला तर तेवढाच काढावा लागंल, पण उंचवटा हाये कुठं?"

मोनालीच्या कडेवर गंधू जड झाली.

"हाये कसा न्हाई?" सासूबाई म्हणाल्या. "पोरगी अडखळून पडली, चार टाके पडले. उगं पडली का ती? मोनाली, दाखव गं त्याला, कुठं पडली ते."

तिनं हात वर केला. बोट कुठं दाखवतंय हे तिला नीट दिसतही नव्हतं. "तिथं. स्वयंपाकघराच्या दारापाशी."

कल्याण रांगतच गेला. बोट ओलं करून त्यानं सांध्यावरून ओढलं, एक फरशी, दुसरी, आणि उंबऱ्याजवळच्या तिसरीवर थांबला.

"हां. हाये हाये. कोपरा उडालाय हितला. बोटाला लागतो."

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "मी काय म्हणत होते?"

मोनालीनं श्वास सोडला. खांदे खाली आले. क्षणभर खरंच वाटलं, की होता उंचवटा, आपल्याच हाताला सापडला नाही. गंधू इथंच पडली असेल. असंच झालं असेल.

मग तिनं गंधूला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, उंबऱ्याशी गेली आणि गुडघे टेकले.

कोपऱ्यातून बोटभर कपची उडाली होती. सगळी फरशी तीस वर्षांच्या पायांनी काळसर, तुळतुळीत झालेली, आणि ह्या टवक्याच्या आत मात्र दगड फिका होता. कड हाताला लागत होती. कल्याणही वाकून तेच बघत होता.

"ताजं हाये हे," तो म्हणाला, तिला का स्वतःला कोण जाणे. "जुन्या टवक्यात मळ बसतो. ह्याला छन्नी लागलेली दिसती."

"काय म्हणतो?" सासूबाईंनी विचारलं.

"जुनंच हाये ते," खुर्चीतून नाना म्हणाले. "पायानं उडतं असं."

घोषणेचाच आवाज होता. पण ते उंबऱ्याकडं बघत नव्हते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत होते, आणि तिचं पान मागच्या महिन्याचंच होतं.

त्या रविवारी सगळे जालन्याला गेले तेव्हा नाना आले नव्हते. गुडघा दुखतोय म्हणाले होते.

मोनालीनं अंगठा टवक्यात ठेवला. बरोबर मावला. तिच्या डोळ्यासमोर तो दिवस आला, गंधूला छातीशी धरून ती रिक्षा शोधायला धावली तो, आणि मागं घरात एकटे राहिलेले नाना, ओट्याखालचे मुरमुरे केरसुणीनं गोळा करणारे. त्यांनी अठरा दिवसांत तिला एक शब्द विचारला नव्हता. फरशीवर आळ आला तसा त्यांनी तो फरशीवरच राहू दिला होता, आणि फरशी खोटी पडेल असं वाटलं तेव्हा उरलेलं कामही स्वतःच केलं होतं.

"तर मंग ही एक काढतो," कल्याण म्हणत होता, "खाली कोबा भरतो, आन् वरून—"

"आई," मोनाली म्हणाली. ती उठली नाही. "गंधू ओट्यावरून पडली."

लसणाची टरफलं सुपात सरकली.

"मीच बसवलं होतं. फोन आला म्हणून जिन्यात गेले."

कल्याणनं टेप काढला आणि आधीच मोजलेली भिंत पुन्हा मोजायला घेतली. सासूबाईंनी गंधूची हनुवटी वर करून ती लाल रेघ पाहिली. मग त्यांनी विचारलं, "किती येळ?"

"सहा मिनिटं." फोनमध्ये तिनं ते इतक्यांदा पाहिलं होतं की आठवावं लागलं नाही. "सहा मिनिटं अन् वर थोडं."

सासूबाई गंधूला घेऊन उठल्या. मोनालीच्या जवळूनच, साडीचा काठ तिच्या खांद्याला घासत, आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला नाही, की नळाचा आला नाही.

नानांनी घसा साफ केला.

"त्या रविवारच्या आधी बोलली असतीस बाई," ते दिनदर्शिकेकडं बघतच म्हणाले, "तर कोपरा वाचला असता."

मोनालीला मान वर करता येईना. टवक्यावरचा अंगठाही तिनं काढला नाही.

कल्याण टेप गुंडाळत उभा राहिला. त्याला कुणाकडं बघावं कळत नव्हतं. "मंग नाना, कसं करू? वरून चिटकवू का न्हाई?"

"तिला इचार. पसंती तिची हाये."

"नको," ती म्हणाली. "उचला हे."

"आन् कोपरा?"

"भरून निघंल का?" नानांनी विचारलं.

"काळी पावडर टाकून भरतो की. पण दिसंल जरा."

"दिसू दे."

कल्याण बैठकीत गेला आणि टाईल्स एकेक करून खोक्यात रचू लागला. वेणी देवघराकडून उलटी सुटत आली.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. गंधू त्यांच्या कमरेवर होती, हातात पोळीचा तुकडा घेऊन. त्यांनी मोनालीकडं पाहिलं नाही, तिच्या डोक्यावरून बैठकीत पाहिलं.

"चहा टाकायचाय," त्या म्हणाल्या. "हिला धर."

मोनालीनं हात कुर्त्याला पुसले, उठली आणि पुढं केले. गंधू आपणहून झेपावली. सासूबाईंनी मात्र तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"धरलीस?"

"धरली."

"नीट?"

"हो आई."

मग त्यांनी हात काढला.